रात्री हीटिंग कमी केलं तर सकाळी दुप्पट जळतं का?

प्रश्न: मी देवगडची. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीला आलोय, मार्चपर्यंत मुक्काम. जावई रात्री झोपताना भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर (घराचं तापमान ठरवायचं बटण) ७० फॅरनहाइटचं थेट ६० करतात, गॅसचं बिल वाचतं म्हणे. आमच्या ह्यांचं म्हणणं, घर एकदा गार पडलं की सकाळी परत तापवायला दुप्पट गॅस जळतो, त्यापेक्षा एकसारखं चालू ठेवलेलं परवडतं. ह्यांचं वय ७४, पहाटे पाय आखडतात. जावयाला तोंडावर बोलायला बरं वाटत नाही आणि हे काही ऐकत नाहीत. कोणाचं बरोबर?

उत्तर: काकू, हिशेबात जावई बरोबर आहेत, पण त्यांनी निवडलेला आकडा तुमच्या घराला बरोबर नाही, म्हणजे दोघांनाही थोडं थोडं ऐकावं लागणार.

आधी काकांचा मुद्दा घेऊ कारण तो भल्याभल्यांना पटतो. सकाळी आंघोळीला गरम पाणी हवं म्हणून आपण रात्रभर बंबात लाकडं सारत बसत नाही, पहाटे उठून पेटवतो, कारण तापलेला बंब रात्रभर नुसता उष्णता सोडत बसतो आणि तेवढी लाकडं फुकट जातात. घराचंही अगदी तेच. आतलं आणि बाहेरचं तापमान यात जितका फरक जास्त तितकी उष्णता भिंतीतून, काचेतून, फटींतून जास्त पळते. समजा बाहेर ० डिग्री सेल्सिअस आहे आणि आत २१, तर फरक २१ चा. रात्री आत १७ केलं की फरक १७ चा, म्हणजे गळती जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी. सकाळी घर तापवणारी गॅसची भट्टी सलग चालते, तिचा आवाज येतो, म्हणून वाटतं की आता हिने सगळं वसूल केलं, पण रात्री जेवढी उष्णता बाहेर गेलीच नाही तेवढी भरून काढायची गरजच नसते. आठ तास म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा, म्हणून एकूण बचत साधारण पाच-सहा टक्क्यांच्या घरात येते. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की रोज आठ तास ७ ते १० डिग्री फॅरनहाइट खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं. तर जावई हवेत बोलत नाहीयेत. आणि ते काही पहिलेही नाहीत, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २ फेब्रुवारी १९७७ ला स्वेटर घालून टीव्हीवर आले होते आणि दिवसा ६५, रात्री ५५ ठेवा असं सगळ्या देशाला सांगितलं होतं, तेव्हा गॅसचा तुटवडा होता.

आता आकडा. ६० फॅरनहाइट म्हणजे आपले साडेपंधरा सेल्सिअस. रत्नागिरी-देवगडात जानेवारीच्या रात्री पारा १८-२० वर आला तरी आपण मफलर शोधतो (आणि मोहोराला थंडी पाहिजे म्हणून खूशही असतो), तर ज्याचा जन्म तिथे गेला त्या माणसाला साडेपंधरा बोचणारच, यात काकांचे नखरे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी १८ सेल्सिअस ही खालची मर्यादा सुचवली आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना, आजाऱ्यांना त्याहून जास्त लागू शकतं. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. तुमच्या शेजारच्या न्यूयॉर्क शहरात तर हिवाळ्यात रात्रीसुद्धा घर निदान ६२ फॅरनहाइटवर ठेवणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. माझं मत सांगतो, रात्री ६५ ठेवा. १८ च्या किंचित वर राहील, पाच डिग्रीची बचतही होईल, आणि काकांना लोकरीचे मोजे, आतून थर्मल आणि झोपायच्या आधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी द्या, पिशवी नीट गुंडाळून हां.

पण एक विचारून घ्या, घरात गॅसची भट्टी आहे का हीट पंप? तुम्ही गॅसचं बिल म्हणताय म्हणजे भट्टी किंवा बॉयलर असावा, तर वरचं सगळं लागू. बाहेर एसीसारखं मशीन हिवाळ्यातही फिरत असेल तर तो हीट पंप, आणि त्यात रात्री एकदम दहा डिग्री उतरवलं की सकाळी मदतीला विजेची कॉइल सुरू होते, ती वीज भसाभस खाते आणि वाचलेलं सगळं तिथेच जातं. हीट पंपवाल्यांनी दोन-तीन डिग्रीच उतरवावं नाहीतर हात लावू नये.

बाळाचं मुद्दाम लिहितो कारण तुम्ही विचारलं नाहीत आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. गारठा आहे म्हणून बाळाच्या पाळण्यात गोधडी, दुलई, उशी काहीही सुटं ठेवू नका, तोंडावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. तिकडे स्लीप सॅक मिळते, पिशवीसारखा अंगरखा, तो घाला. झोपताना घरात टोपी नको. इंग्लंडातले डॉक्टर बाळाच्या खोलीला १६ ते २० सेल्सिअस सांगतात, म्हणजे ६५ त्यात बसतं. मान किंवा छाती हात लावून बघा, घामट लागली तर कपडे जास्त झालेत, हातपाय थोडे गार असणं चालतं. आणि शेक-शेगडीचा विचार मनातसुद्धा आणू नका! आपल्या कौलारू घरात धूर वर निघून जातो, तिथली घरं हवाबंद, निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासही न येता माणूस घेतो. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवणं हाही तसलाच प्रकार. लेकीला शेकायला हीटिंग पॅड वापरा. खोलीत छोटा हीटर लावलात तर पडदे-पांघरुणापासून तीन फूट लांब आणि थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेंशन बोर्डवर नाही.

राहिला वादाचा प्रश्न, तर तो थर्मोस्टॅट बहुतेक प्रोग्रॅमवाला असेल. जावयाला एवढंच सांगा की बाबांना पहाटे साडेपाचला उठायची सवय आहे, पाचलाच परत ७० ला चढव म्हणून लावून ठेव. उठेपर्यंत घर ऊबदार, कोणी कोणाला काही बोलायला नको.

प्रश्न: आमचं गुहागरला कौलारू घर आहे, एका खोलीत एसी घेतलाय. मुलगा आल्या आल्या १८ वर लावतो म्हणजे लवकर गार होतं म्हणे. बिल बघून घाम फुटतो. रात्री किती ठेवावा?

उत्तर: १८ लावल्याने लवकर गार होत नाही. मशीनची ताकद आहे तेवढीच, फक्त थांबायचं कुठे ते तुम्ही सांगता, आणि १८ सांगितलंत तर ते बिचारं थांबतच नाही. रात्री २६ आणि वर पंखा हळू. एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो, म्हणूनच जानेवारी २०२० पासून स्टारवाले घरगुती एसी कारखान्यातून २४ वर लावूनच येतात. आपल्याकडे गरमीपेक्षा दमटपणाचा त्रास जास्त, एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते, मागच्या नळीतून बादली भरते ते तेच पाणी. पावसाळ्यात ड्राय मोड वापरून बघा. पण तुमचा खरा चोर वर आहे, कौलांच्या फटीतून सगळी गार हवा जाते आणि दुपारभर तापलेली कौलं रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात. त्या एका खोलीला तरी लाकडाचा माळा किंवा फॉल्स सीलिंग करून घ्या आणि दाराखालची फट बुजवा, त्याशिवाय २६ काय आणि १८ काय.

प्रश्न: दापोलीत थंडी बरी पडते. गीझर रात्रभर चालू ठेवला तर सकाळी वीज कमी लागते का?

उत्तर: नाही. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर पाणी ३० डिग्रीने तापवायला १५-१६ मिनिटं घेतो, साधारण अर्धं युनिट. उठल्यावर चालू करा, दात घासून होईस्तोवर पाणी तयार असतं.