सार्क देशांमध्ये मुक्त व्यापार करार आहे, मग शेजाऱ्यांशी आपला व्यापार एवढा कमी का?

करार आहे ना, कागदावर एकदम ओके आहे. साफ्टावर, म्हणजे सार्क देशांच्या याच मुक्त व्यापार करारावर, २००४ मध्ये इस्लामाबादला सह्या झाल्या, १ जानेवारी २००६ पासून लागू. तरी दक्षिण आशियातले देश आपल्या एकूण व्यापारातला जेमतेम ५ टक्के एकमेकांशी करतात, आसियानवाले, म्हणजे आग्नेय आशियातले देश, २५ च्या आसपास. का ते मी संत्र्यावरून सांगतो, कारण अमरावती जिल्ह्यात वरूडकडे आमची बाग आहे आणि ड्युटी काय चीज असते ते मला तिथेच कळलं.

आंबिया बहाराचा, म्हणजे पावसाळ्यानंतर तोडायला येणाऱ्या संत्र्याचा, आमच्या भागातला बराच माल बांगलादेशला जायचा. तिकडे २०१९ ला किलोला २० टका ड्युटी होती, ती दरवर्षी चढवत चढवत २०२३ मध्ये ८८ टका केली, म्हणजे आपले साठच्या वर रुपये, आणि बागेत आम्हाला किलोला त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. त्या वर्षी आमची बाग घेतलेला व्यापारी ऐन तोड्याच्या वेळी इसार सोडून गेला, फोनच उचलेना. फळ झाडावर किती दिवस ठेवणार, गळायला लागलं, शेवटी कॅरेट भरून नागपूरच्या कळमना बाजारात नेलं तर तिथे सगळ्यांचाच माल आलेला.

मग साफ्टा कुठे गेला? एक तर प्रत्येक देशाची सेन्सिटिव्ह लिस्ट असते, त्यातल्या मालाला सवलत नाही. आणि मूळ कस्टम ड्युटी कमी केली तरी वरून सप्लिमेंटरी ड्युटी, रेग्युलेटरी ड्युटी अशी नवीन नावं देऊन वसूल करता येतं, बांगलादेशात हेच चालतं.

पण नुसतं ढाक्याला शिव्या देऊन उपयोग नाही, कांद्याच्या बाबतीत आपण काय केलं? सप्टेंबर २०१९ ला रातोरात निर्यातबंदी, २०२० ला परत, तेव्हा तर भरलेले ट्रक बॉर्डरवर उभे राहिले, डिसेंबर २०२३ ला पुन्हा. २०१९ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की मी माझ्या आचाऱ्याला कांदा घालू नको असं सांगितलंय. हसत म्हणाल्या, पण टोमणा होता तो.

त्यात बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोलवरून गेलेला आपला ट्रक पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला रिकामा करायचा, माल त्यांच्या ट्रकमध्ये चढवायचा, नाजूक फळाचं काय होत असेल बघा. ट्रक थेट जावेत म्हणून २०१५ ला थिंफूला भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या चार देशांचा मोटार वाहन करार झाला, तर भूतानच्या संसदेनेच तो अडवला.

पाकिस्तानचं कारण सगळे देतात आणि ते खोटं नाही, २०१४ नंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. पण आमचं संत्रं काही लाहोरच्या रस्त्यावर अडलेलं नव्हतं.