'दहापैकी सहा जण हात स्वच्छ करत नाहीत' असे लिहिल्याने लोक हात स्वच्छ करू लागतात का?

तुम्ही विचारले आहे की, रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाचे सामाजिक प्रभावाविषयीचे संशोधन आरोग्यप्रचाराच्या कामात खरोखर उपयोगी पडते का, आणि पडत असेल तर फलकांवर नेमके काय लिहावे. पहिल्या भागाचे उत्तर 'हो' असे आहे. दुसऱ्या भागाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, कारण काय लिहू नये ते मी एका रुग्णालयाच्या भिंतीवर स्वतःच्या हातांनी चिकटवलेले आहे.

त्या काळी मी एका मोठ्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रण परिचारिका होते. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर हात स्वच्छ करावेत, हे आमच्यापैकी कोणाला शिकवावे लागत नव्हते. तरीही वॉर्डाच्या कोपऱ्यात उभी राहून मी काही दिवस नोंदी केल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा ते राहून जात असल्याचे दिसले. मासिक बैठकीत मी हे मांडताच आमचे विभागप्रमुख संतापले आणि त्यांनी बसल्या जागी फलकाचा मजकूर सांगितला : 'या विभागात दहापैकी सहा जण हात स्वच्छ करत नाहीत. रुग्णांच्या जिवाशी चाललेला हा खेळ थांबवा.' मी एवढेच म्हणाले की, सर, आकडा नको, नव्याने आलेल्या मुली हे वाचून काय समजतील? त्यावर 'सिस्टर, लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही', असे म्हणून त्यांनी विषय संपवला. माझ्या विरोधामागे तेव्हा कोणताही सिद्धांत नव्हता, नुसती शंका होती, आणि नुसत्या शंकेला बैठकीत वजन नसते.

फलक लागला. हात स्वच्छ करण्याच्या द्रावणाच्या बाटल्या बदलण्याचे काम माझ्याकडेच असल्याने किती बाटल्या संपल्या याची वही मी ठेवत असे. पहिल्या आठवड्यात खप वाढला, दुसऱ्या आठवड्यात तो मूळ पातळीवर आला आणि त्यानंतर मूळ पातळीच्याही खाली गेला. एके दिवशी एक प्रशिक्षणार्थी मुलगी एका रुग्णाची पट्टी बदलून तशीच दुसऱ्या खाटेकडे निघालेली दिसली, म्हणून मी तिला थांबवले. उद्धटपणाचा लवलेश नसलेल्या स्वरात ती म्हणाली, "पण सिस्टर, इथे बहुतेक जण करत नाहीत ना? बाहेर तसे लिहिलेच आहे." तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. पुढच्या बैठकीत असे ठरले की, फलक योग्य आहे, देखरेख ढिली आहे. देखरेख करणारी मी होते. ते वाक्य इतिवृत्तात आहे आणि मी ते विसरलेली नाही.

चाल्डिनी माझ्या वाचनात आले ते पुष्कळ वर्षांनी. अमेरिकेतील अॅरिझोना राज्याच्या विद्यापीठात काम करताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास एक भेद स्पष्टपणे मांडला. बहुतेक लोक प्रत्यक्षात काय करतात याविषयीची आपली समजूत ही एक गोष्ट आणि लोकांना काय योग्य वाटते याविषयीची समजूत ही दुसरी. मराठी पाठ्यपुस्तकी भाषेत पहिलीला वर्णनात्मक आणि दुसरीला आदेशात्मक प्रमाणक म्हणता येईल. माणसाचे वागणे त्या क्षणी या दोहोंपैकी जिकडे त्याचे लक्ष वेधले जाईल तिकडे झुकते. आमच्या फलकाचे दुसरे वाक्य आदेश देत होते, पण पहिले वाक्य अधिक ठळक अक्षरांत होते आणि 'इथली रीत ही अशी आहे' असे सांगत होते. त्या मुलीने फलक अगदी बरोबर वाचला होता.

याची सर्वांत बोलकी चाचणी अॅरिझोनातीलच पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात झाली. तिथे पर्यटक अश्मीभूत, म्हणजे दगड बनलेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेतात. संशोधकांनी खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवले आणि पाट्या आलटूनपालटून लावल्या. पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचे रूप बदलले आहे, असे सांगणारी पाटी असताना ७.९२ टक्के तुकडे चोरीला गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका' अशा आशयाची पाटी असताना १.६७ टक्के. हे आकडे वाचल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुनी वही शोधून काढली.

आरोग्याच्या क्षेत्रातील पुरावाही आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील महामार्गावरील विश्रामस्थानाच्या स्वच्छतागृहांच्या दाराशी वेगवेगळे संदेश झळकवले गेले आणि आत साबण किती वापरला जातो हे संवेदकांनी मोजले. स्त्रियांवर साध्या आठवणीचा आणि पुरुषांवर किळस आणणाऱ्या संदेशांचा परिणाम अधिक दिसला, मात्र दोघांवर मिळून सर्वांत प्रभावी ठरला तो एक प्रश्न : तुमच्या शेजारची व्यक्ती साबणाने हात धूत आहे का? त्यात आकडा नाही, दटावणी नाही, केवळ शेजाऱ्याच्या नजरेची जाणीव आहे. 'डॉक्टरांना असले काही लागू होत नाही' असे कोणी म्हणाले, तर त्यांना इंग्लंडमधील प्रयोग सांगावा. प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) सर्वाधिक लिहून देणाऱ्या दवाखान्यांना २०१४ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने पत्र गेले की, तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने दरडोई तुमच्यापेक्षा कमी प्रतिजैविके देतात. पुढील सहा महिन्यांत ज्यांना पत्र गेले त्यांचे प्रतिजैविके देण्याचे प्रमाण, ज्यांना गेले नाही त्यांच्या तुलनेत, ३.३ टक्क्यांनी कमी राहिले. खर्च एका पत्राचा होता. हा आकडा सरांना वाचून दाखवावा, असे मला अनेकदा वाटले आहे.

तेव्हा फलकावर काय लिहावे? बहुसंख्य लोक योग्य वागत असतील तर तसे जरूर लिहावे, आणि ते खरे असावे. खोटे आकडे लोक चटकन ओळखतात. बहुसंख्य लोक चुकत असतील तर आकडा बैठकीत ठेवावा, भिंतीवर नाही. भिंतीवर काय अपेक्षित आहे एवढेच लिहावे. सरासरी सांगण्यातही एक खाच आहे. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे घरोघरच्या विजेच्या वापरावर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शेजाऱ्यांची सरासरी कळल्यावर जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण आधीच कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला. सरासरी कळवणाऱ्या त्यांच्या पत्रकावर शाबासकीचा हसरा चेहरा काढल्यावर मात्र तसे झाले नाही.

परंतु फलकाविषयी इतके लिहिल्यानंतर सांगते की, रुग्णालयात फलक ही दुय्यम बाब आहे. आमचे सर राउंडला निघत तेव्हा त्यांच्या मागे आठ-दहा जण असत. सर पहिल्या रुग्णाचे पोट तपासून, बोलत बोलत, त्याच हातांनी दुसऱ्याचे पोट तपासत, आणि मागची सर्व मंडळी ते पाहत असत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी रुग्णालयातील निरीक्षणात असे आढळले की, खोलीतील वरिष्ठ व्यक्ती हात स्वच्छ करत नसेल तर इतरांकडूनही ते होण्याची शक्यता लक्षणीयरीत्या घटते. मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही, संताप मात्र पुन्हा नव्याने आला.

आता काही गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवायला हव्यात. माझी वही म्हणजे संशोधन नव्हे. बाटल्या किती संपल्या यावरून कोणी हात स्वच्छ केले हे कळत नाही, आणि त्याच महिन्यात प्रशिक्षणार्थींची नवी तुकडी आल्याने खप तसाही घटला असेल. चाल्डिनींची पद्धत सर्वत्र यशस्वी होते असेही नाही. अमेरिकी महाविद्यालयांत 'तुमचे सहाध्यायी तुम्हाला वाटते त्याहून कमी मद्य पितात' असे सांगणाऱ्या मोहिमांची २००३ मध्ये मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली, तेव्हा त्यांमुळे मद्यपान घटल्याचे दिसले नाही. सरांचा राग खोटा नव्हता, हेही खरे. बैठकीच्या आधीच्याच आठवड्यात त्यांच्या एका रुग्णाच्या जखमेत संसर्ग झाला होता.

ज्या बैठकीत देखरेखीवर ठपका आला, त्याच बैठकीत मी एक विनंती केली होती : राउंड सुरू करताना पहिल्या खाटेपाशी सरांनी सर्वांसमोर हात स्वच्छ करावेत. ती विनंती इतिवृत्तात नाही.