डॅशबोर्डचं ॲव्हरेज खरं की पंपावरचं?

प्रश्न: दादा नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहतो, ऑफिस सिव्हिल लाईन्सला. पाच महिने झाले पेट्रोल हॅचबॅक घेतली. डॅशबोर्ड १७.२ चं ॲव्हरेज दाखवून राहिला आणि मी टाकी फुल करून हिशोब लावला तर ४८६ किमीला ३०.७५ लिटर, म्हणजे १५.८. डॅशबोर्डवरचा तो दुसरा, चालू क्षणाच्या ॲव्हरेजचा आकडा तर नुसता नाचतो, डबल डेकर पुलावरून उतरताना ९९.९ अन् सिग्नलला शून्य. कंपनीने सांगितलेलं तर याहून कितीतरी जास्त आहे. मीटर खराब आहे का?

उत्तर: मीटर ठीक आहे भाऊ, फक्त तो टाकीतलं पेट्रोल मोजतच नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की एवढं पेट्रोल गेलं असेल, आणि चाकं किती फिरली त्यावरून अंतर काढतो, मग भागाकार. दोन्हीत थोडी थोडी चूक असते, टायर घासले किंवा साईज बदलली की अंतरही चुकतं, आणि का कोण जाणे ही चूक बहुतेक वेळा कंपनीच्याच फायद्याची निघते. तुमचा डॅशबोर्डचा आकडा साधारण ९ टक्के फुगलेला आहे, तेवढं चालतं.

पण तुमचा पंपावरचा हिशोबही एकाच टाकीवरचा आहे ना? तिथेच गोची होते. टाकी भरून नोझल आपोआप कट झालं की पंपावरचा पोरगा विचारतो, "साहेब, राऊंड फिगर करू का?" आणि आपण मान हलवतो. झालं, गेल्या वेळी कटला थांबलो होतो, यावेळी वरून अर्धा लिटर जास्त गेलं, हिशोबाचे बारा वाजले. पंप तोच, शक्यतो नोझल तोच, पहिल्या कटला थांबायचं, राऊंड फिगर नाही म्हणजे नाही, आणि असं सलग तीन-चार टाक्या करून एकूण किमीला एकूण लिटरने भागायचं. माझी वही ग्लोव्ह बॉक्समध्येच असते, बायको हसते पण असो.

नाचणारा आकडा त्या क्षणाचा आहे. सिग्नलला गाडी हलतच नाही पण पेट्रोल जळतंय, म्हणून शून्य. पुलावरून गिअरमध्ये उतरताना एक्सलरेटर सोडला की इंजेक्टर बंदच होतो, पेट्रोल शून्य, म्हणून ९९.९, म्हणजे आकड्याला त्याच्या पुढे जागाच नाही. उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी हे वाचावं, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं, वरून गाडीवर ताबा कमी.

आणखी एक, १० किमी १० च्या ॲव्हरेजने आणि पुढचे १० किमी २० च्या ॲव्हरेजने गेलात तर एकूण १५ येत नाही, १३.३ येतं, कारण एकूण दीड लिटर गेलं. वाईट रस्ता चांगल्या रस्त्याला खाऊन टाकतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत एसी लावून बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडकलात की दोनेक किमीचं पेट्रोल जागच्या जागी गेलं समजा.

कंपनीचा आकडा येतो तो टेस्टमधून. गाडी लॅबमध्ये रोलरवर चालवतात, ठरलेल्या स्पीडने, जास्तीत जास्त ९० पर्यंत, एसी बंद ठेवून. त्या टेस्टचं नाव एमआयडीसी, आपली हिंगण्याची नव्हे, मॉडिफाईड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. तिथे ना गाई बसलेल्या असतात ना ई-रिक्षा, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, आपल्या गाडीवर डोकं फोडायला नाही. डॅशबोर्डचाही उपयोग तोच, १७.२ खरं की खोटं ते सोडा, पण पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यावर १५ वर आलं तर आधी टायरची हवा तपासा.

प्रश्न: दादा, लक्ष्मीनगरहून निघाले तेव्हा रेंज ७० किमी होती, बर्डी येईस्तोवर ४५! पेट्रोल गळतंय का?

उत्तर: नाही हो ताई. रेंज म्हणजे टाकीतल्या फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याचा, अंदाज गुणिले अलीकडचं ॲव्हरेज. तुम्ही आदल्या दिवशी हायवेने आला असाल तर ७० त्या ॲव्हरेजवर होते, ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज पडलं की रेंजही पडते. टाकी रिकामी होत आली की फ्लोट नीट सांगत नाही, गाडी उतारावर उभी असेल तर अजूनच, त्यामुळे सपाट जागेवर एकदा बघा. गळती असती तर पार्किंगमध्ये वास आला असता. आणि समृद्धीला लागायचं असेल तर रेंज कितीही दाखवू द्या, टाकी नागपुरातच भरून घ्या.