पेशी कमी आहेत, मग फेको करावं का?

प्रश्न : आईचं (वय ७१) मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. तपासणीत कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) पेशी चौरस मिलिमीटरला १४०० निघाल्या. फेकोने (थरथरत्या सुईने मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याच्या पद्धतीने) त्या आणखी मरतील का? – एक वाचक, कराड

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. कॉर्नियाच्या आत या पेशींचा एकच थर असतो. तो पाणी उपसत राहतो, म्हणून कॉर्निया काचेसारखा स्वच्छ राहतो. गेलेली पेशी पुन्हा येत नाही. फेकोची सुई सेकंदाला हजारो वेळा थरथरते, तेव्हा डोळ्यातल्या पाण्यात हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय दाहक रेणू तयार होतात. एरवी तिथलं ‘क’ जीवनसत्त्व, जे रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यांना आवरतं. पण ऑपरेशनमध्ये तेच धुऊन जातं. अशा डोळ्यात मी हायलुरोनेटचं जेल मध्येच थांबून पुन्हा भरते. घाई करत नाही. ते जेल धक्का झेलतं आणि हे रेणूही टिपतं. डोळा आतून धुण्यासाठी ग्लुटाथिओन (हेही असे रेणू आवरतं) असलेलं द्रावण मिळतं, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. मोतीबिंदू फार कडक असेल, तर फेकोचा हट्ट नको. छोट्या छेदातून हाताने काढणं मला जास्त बरं वाटतं. मात्र ‘पिकू दे’ म्हणून थांबू नका, कडक झाला की सुई जास्त वेळ चालवावी लागते.