देवळाचा दर्शनी भाग घराला कसा आला?

प्रश्न : मी वास्तुकला शिकते. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या हवेल्यांना समोर उंच खांब आणि वर त्रिकोणी माथा असतो. हा तर सरळ रोमन मंदिराचा थाट. मग श्रेय सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुकार पॅलाडिओला का?

उत्तर : थाट मंदिराचाच. पण राहत्या घराला तो लावायचा पायंडा पाडला आंद्रेआ पॅलाडिओने, आणि गंमत म्हणजे चुकीच्या समजुतीवरून. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं पाँपेई हे रोमन शहर खणायला सुरुवात झाली १७४८ साली; पॅलाडिओ १५८० मध्येच गेला. रोमन घरं त्याने पाहिलीच नव्हती. माणसाने आधी घर बांधलं, देऊळ त्याच्यावरून आलं, म्हणजे घरांनाही असेच खांब असणार, असा त्याचा तर्क. फ्लॉरेन्सजवळ पोज्जो आ कायानोला एका व्हिलाला, म्हणजे गावाबाहेरच्या हवेलीला, असा दर्शनी भाग आधीच होता, पण तो एकटाच राहिला. पॅलाडिओचं लोण पसरलं.

का पसरलं, ते मला इटलीतल्या व्हिचेंझा शहराच्या चौकात कळलं. तिथल्या लॉजिया देल कॅपिटॅनियाटो या पॅलाडिओच्या इमारतीच्या अजस्र खांबांवरचा गिलावा बराचसा निघून गेलाय आणि आत चक्क लाल विटा! मी कितीतरी वेळ खांबाला हात लावून उभी होते. पॅलाडिओ मूळचा पाथरवट, तेराव्या वर्षी उमेदवारीला लागलेला. दगडाला किती पैसा लागतो हे त्याला पक्कं ठाऊक. तळखडे, स्तंभशीर्षं अशा कोरीव कामापुरता दगड, बाकी वीट आणि गिलावा. व्हेनिसचे जमीनदार तेव्हा शेतीकडे वळत होते. त्यांना ऐट हवी होती आणि धान्याची कोठारंही. दोन्ही आवाक्यात बसलं.

दुसरं कारण १५७० चं त्याचं पुस्तक, वास्तुकलेचे चार ग्रंथ. आराखड्यात खोलीखोलीची मापं आकड्यांत दिलेली. इंग्लिश वास्तुकार इनिगो जोन्स १६१३-१४ मध्ये ते घेऊन इटलीभर हिंडला, समासात टिपणं काढत. ती प्रत आजही ऑक्सफर्डला आहे. परतल्यावर त्याने लंडनजवळ ग्रिनिचला क्वीन्स हाऊस हा राणीचा वाडा उभारला. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला जेफरसन तर व्हिचेंझाला कधी गेलाच नाही. माँटिचेल्लो या स्वतःच्या घराचा पहिला आराखडा त्याने पुस्तकावरूनच बेतला.

शिकताच आहात, तर पॅलाडिओच्या व्हिला रोटोंडाचा नकाशा स्वतःच्या हाताने काढा. मधे गोल दालन, चारही बाजूंना सहा-सहा खांबांचे द्वारमंडप. मग पुस्तकातलं चित्र आणि आजचा फोटो शेजारी ठेवा. चित्रात घुमट अर्धगोल आहे. पॅलाडिओनंतर स्कामोझ्झी या वास्तुकाराने काम पुरं केलं, त्यात तो बसका झाला.