बाबांना पार्किन्सन्स आहे, चक्करेची गोळी देऊ का?

प्रश्न : बाबांचं वय ७२, पार्किन्सन्सची ट्रीटमेंट चालू आहे. हल्ली सारखं म्हणतात गरगरतंय, तोल जातोय, परवा तर बाथरूममधून येताना वळले आणि पडता पडता वाचले. आईला मागे चक्करेसाठी दिलेल्या गोळ्यांची पट्टी घरात शिल्लक आहे, त्यातली एखादी दिली तर चालेल का?

उत्तर : नाही, देऊ नका. आधी पट्टीवरचं नाव वाचा. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन असेल तर बाबांना ती नकोच, कारण ही औषधं मेंदूत डोपामिनचं (हालचाली नीट चालवणाऱ्या रसायनाचं) काम अडवतात आणि पार्किन्सन्समध्ये मुळात तुटवडा असतो तो डोपामिनचाच. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पार्किन्सन्स आहे हे आधी सांगा, न सांगितल्यामुळे या गोळ्या सहज लिहून दिल्या जातात.

आता त्रास नेमका कधी होतो ते बघा. उठून उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर बीपी पडत असण्याची शक्यता मोठी. हा आजारही बीपी सांभाळणाऱ्या नसांवर परिणाम करतो आणि लेव्होडोपासारख्या पार्किन्सन्सच्या औषधांनीही बीपी उतरतं, त्यात बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर अजूनच. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी परत घ्या, कुणीतरी धरून उभं राहा मात्र. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते आकडे लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, गोळ्या मनाने बंद करू नका, लेव्होडोपा अचानक थांबवणं धोक्याचं असतं. तोवर पलंगाच्या कडेला थोडं बसून मगच उठायचं, पाणी पुरेसं प्यायचं (हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते विचारून), एकदम भरपेट जेवायचं नाही.

कूस बदलताना किंवा मान वर करताना खोली काही सेकंद गरगर फिरते असं असेल तर प्रकरण बहुतेक कानातलं आहे. ते पार्किन्सन्स नसलेल्यांनाही होतं, ईएनटी किंवा फिजिओ डोकं ठराविक पद्धतीने फिरवून बऱ्याचदा बरं करतात, गोळीची गरजच पडत नाही.

आणि चक्कर अशी नाहीच, फक्त वळताना पाय जमिनीला चिकटतात आणि अंग पुढे जातं, तर तो आजाराचाच भाग. यावर कधी कधी औषधाचा डोस किंवा वेळ बदलून फरक पडतो, ते न्यूरॉलॉजिस्टना विचारा, आणि फिजिओथेरपीचाही चांगला फायदा होतो. जागच्या जागी गर्रकन वळू नका, लहान लहान पावलं टाकत मोठा वळसा घ्या. पाय अडकला तर ओढाओढ न करता थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, मग पाऊल. चालताना त्यांच्याशी गप्पा मारू नका, हातात सामान देऊ नका, घरचेच लोक हे सगळ्यात जास्त करतात! बाथरूममध्ये धरायला दांडा आणि रात्री लाइट हवाच.

यातले दोन त्रास एकदम असू शकतात बरं का. पण अचानक बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली किंवा पडून डोक्याला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.