पॅरामेडिकच्या परीक्षेसाठी ‘न्यूरॉलॉजिकल इमर्जन्सी’चा अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय, या प्रकरणातले आजार एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी विचारलंय की बाराही क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा) पाठ कराव्या लागतील का. मी नऊ वर्षं ॲम्ब्युलन्सवर आहे आणि याच विषयाच्या प्रॅक्टिकलला एकदा आपटलोय, तेव्हा सांगायचा थोडा हक्क आहे.

आपटलो कसा ते आधी ऐका. टेबलावर पुतळा. परीक्षक म्हणाले, “62 वर्षांच्या बाई, उजवा हात उचलत नाहीत, बोलणं बोबडं झालंय.” मी मनातून खूश. तोंड, हात, बोलणं, स्ट्रोक ओळखायच्या सिनसिनाटी स्केलचे तिन्ही मुद्दे धडाधड म्हणून दाखवले, स्ट्रोकचं निदान ठोकलं, हॉस्पिटलला कळवलं. सरांनी शांतपणे विचारलं, “साखर किती होती?” ग्लुकोमीटर माझ्या कोपराशीच पडलेला. पुरवणी परीक्षा.

दोन वर्षांनी तीच केस मला खरीखुरी भेटली. आषाढी एकादशी, घाटाखालची एक वाडी, मुलगा दारातच ओरडतोय, “आईला लकवा मारला!” आजींनी उपवास कडक धरलेला आणि शुगरची गोळी मात्र सवयीने सकाळीच घेतलेली. मीटरवर साखर 41, आणि साखर इतकी पडली की लकव्यासारखंच दिसतं. डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) 25 टक्केची 100 मिलीची बाटली शिरेतून निम्मी गेली असेल-नसेल, आजींनी तोच उजवा हात उचलून पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाल्या, “उभी काय राहिलीयस, चहा टाक की यांना.”

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पुस्तक आजाराच्या नावाने लावलेलं असतं, पेशंट मात्र नातेवाइकाच्या पहिल्या वाक्याने सुरू होतो. अभ्यास त्या वाक्यापासून करा. पुरवणीच्या वेळी मी जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या होत्या. एका बाजूला घरचे जे म्हणतात ते वाक्य, दुसऱ्या बाजूला पहिल्या पाच मिनिटांत मी काय बघणार, काय विचारणार आणि कशाला हात लावणार नाही. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण आणि साखर हे प्रत्येक चिठ्ठीवर पुन्हा लिहायचं. कंटाळा आला तरी लिहायचं.

पहिली चिठ्ठी: “सकाळी उठले तर तोंड वाकडं दिसलं.” इथे सगळा खेळ वेळेचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तास पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. घरच्यांना “कधी झालं?” विचारलं की ते सांगतात “सहा वाजता”, कारण सहाला त्यांनी पाहिलं. म्हणून प्रश्न बदला. रात्री जेवले कधी? झोपताना कोणाशी बोलले? मध्ये लघवीला उठले होते का, तेव्हा चालत गेले का? एका काकूंनी मला सांगितलं होतं, “साडेतीनला उठून मांजराला हाकललं की त्यांनी, शिव्या पण दिल्या.” शिव्या स्पष्ट होत्या का, हेही मी विचारलं. स्पष्ट होत्या. त्या एका वाक्याने घड्याळ झोपायच्या वेळेऐवजी साडेतीनपासून सुरू झालं, त्यांच्या खात्यात पाच तास परत आले. मेंदूची मोठी धमनी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये गुठळी तारेने बाहेर काढण्याची मुदत 24 तासांपर्यंत जाते, त्यामुळे “उशीर झाला” म्हणून सावकाश जायचं नाही. उपचाराशिवाय मिनिटाला सुमारे 19 लाख न्यूरॉन मरतात हा आकडा तोंडी परीक्षेत विचारतात, तो पाठच ठेवा. आणि तीन ‘नाही’: तोंडातून पाणीसुद्धा नाही, सीटी स्कॅनआधी ॲस्पिरिन नाही, गाडीत बीपी उतरवायची घाई नाही. ऑक्सिजनही सरसकट नाही, सॅच्युरेशन 94 च्या खाली असेल तरच.

दुसरी: “फिट थांबतच नाहीये.” घड्याळ बघा. सलग पाच मिनिटं झटके, किंवा दोन झटक्यांच्या मध्ये शुद्ध न येणं, म्हणजे स्टेटस एपिलेप्टिकस. शीर मिळत नसेल तर शोधत बसू नका. 40 किलोच्या वरच्या माणसाला फिट थांबवणारं मिडॅझोलम 10 मिलिग्रॅम स्नायूत, हे 2012 च्या रॅम्पार्ट अभ्यासानंतर सगळीकडे शिकवतात. कांदा, चप्पल, दातात चमचा यांच्याबद्दल तुम्हाला सांगायला नको, पण प्रॅक्टिकलला “नातेवाइकांना काय सांगाल” हा प्रश्न येतो, तेव्हा ते आठवा. बाई पाच महिन्यांच्या पुढची गरोदर असेल, किंवा नुकतीच बाळंत झालेली असेल, तर पहिला विचार एक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीने येणारी फिट) आणि पहिलं औषध मॅग्नेशियम सल्फेट. डोस तुमच्या संस्थेच्या प्रोटोकॉलमधलाच लिहा, परीक्षक त्याच्याशीच ताडून बघतो.

डोक्याच्या माराची चिठ्ठी बहुतेकांना जमते, फक्त एक जोडी उलटसुलट होते. मेंदूवरचा दाब वाढला की बीपी चढतं, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. ही कुशिंगची त्रयी. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये नेमकं उलट: नाडी पळते, बीपी पडतं. म्हणून मोठ्या माणसाच्या डोक्याला मार आणि बीपी 80 असेल तर रक्त दुसरीकडे कुठेतरी जातंय, पोट आणि मांड्या तपासा. “मघाशी बोलत होता” हे वाक्य आलं की एपिड्युरल (कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामधला रक्तस्राव) आठवा, आणि दारू पिणारे किंवा वयस्क गृहस्थ पंधरा दिवसांपूर्वी पडले होते असं कळलं की सबड्युरल (त्या आवरणाच्या आतला रक्तस्राव).

माझी सगळ्यात आवडती चिठ्ठी मात्र ही: “पहाटे पोट दुखतंय म्हणत होता, आता डोळेच उघडत नाही.” पावसाळा, जमिनीवर झोपलेला मुलगा, अंगावर दंशाची खूण नाही. ही मण्यार असू शकते. पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. लुळेपणा वरून खाली उतरतो. गियाँ-बारे या नसांच्या आजारात तो पायांपासून वर चढतो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात त्याची साथ आली, तेव्हापासून आमच्या बाजूच्या प्रश्नपत्रिकांना त्याचं प्रेम आलंय. दोन्हींत नजर छातीवर ठेवायची, कारण माणूस जातो तो श्वास थांबून. आणि मण्यारीच्या पेशंटचा जीसीएस (शुद्ध मोजायची ग्लासगो कोमा स्केल) सगळ्यात कमी, म्हणजे 3 आला तरी तो बेशुद्ध आहे असं धरू नका. तो सगळं ऐकत असतो. पापणी बोटाने उचला आणि “वर बघ” म्हणा. त्याच्यासमोर “गेला वाटतं” म्हणणारे मी पाहिलेत.

जीसीएसवरून आठवलं. टीसडेल आणि जेनेट यांनी ग्लासगोमध्ये 1974 ला बनवलेली ही मोजपट्टी 3 पासून सुरू होते, शून्यापासून नाही. नुसती बेरीज लिहू नका, डोळे-वाचा-हालचाल असे तिन्ही आकडे वेगळे लिहा. मुलं चुकतात ती हालचालीच्या 5 आणि 4 मध्ये. भुवईच्या हाडावर दाब दिला आणि हात कॉलर बोनच्या वर आला, तर तो दुखणाऱ्या जागेपर्यंत पोचायला बघतोय, 5. नुसता आखडता घेतला तर 4. हे वाचून कळत नाही. घरच्या कोणाला तरी आडवं करा आणि करून बघा. माझा धाकटा भाऊ या कामी फार उपयोगी पडला, फक्त दर वेळी हसायचा.

डोळ्यांच्या बाहुल्यांवर अर्धा तास द्या. बेशुद्ध पेशंटची एकच मोठी आणि प्रकाशाला दाद न देणारी असेल तर मेंदू त्या बाजूला खाली दाबला जातोय. दोन्ही टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर अफूजन्य औषध, पॉन्समधला (मेंदूच्या देठातला) रक्तस्राव किंवा फवारणीचं औषध. शेवटच्यात लाळ, घाम आणि कपड्यांना वास, त्यामुळे आधी हातमोजे आणि कपडे काढणं.

आता क्रेनियल नर्व्ह. बारांची नावं एकदा म्हणता आली की पुरे, जीव ओतायचा तो तिसरी आणि सातवीवर. तिसरी म्हणजे वर सांगितलेली मोठी बाहुली. सातवी म्हणजे चेहरा, आणि तिथे ठरलेला प्रश्न असतो: स्ट्रोक की बेल्स पाल्सी (नुसत्या चेहऱ्याच्या नसेचा लकवा)? पेशंटला भुवया वर करायला सांगा. स्ट्रोकमध्ये कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, वाकडं होतं ते खालचं तोंड. बेल्समध्ये कपाळाची ती बाजूही सपाट राहते आणि डोळा मिटत नाही. उत्तरात हा फरक जरूर लिहा, पण पुढच्या ओळीत हेही लिहा की गाडीत असताना दोघांनाही स्ट्रोक समजूनच न्यायचं. आमच्या वेळी त्या ओळीला वेगळा एक गुण होता.